वैशालीने दोनदा टाकलेली विंडोज

रोह्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या वैशालीला एक खोड होती. दुरुस्त करून दिलेला कॉम्प्युटर नीट चालतोय ना, हे विचारायला दुसऱ्या दिवशी ती आपणहून फोन करायची. गिऱ्हाइकं हसायची, डॉक्टरसुद्धा एवढी चौकशी करत नाही म्हणायची. त्या दिवशी तिने पेणजवळच्या हमरापूरला ठमाबाईंना फोन लावला.

"तुझी विंडोज झ्याक हाय गो," ठमाबाई म्हणाल्या, "पण बघायला मिळतच नाय. चालू केला का बंद."

वैशालीचा चेहरा पडला. सारखा बंद पडतो म्हणूनच तर तिने नवी विंडोज टाकून दिली होती. दुकानात तो व्यवस्थित चालला होता. हातातली कामं बाजूला सारून तिने हत्यारांची पिशवी उचलली आणि पेणची एसटी धरली.

ठमाबाई आणि त्यांचे यजमान दिनानाथ यांचा गणपतींचा कारखाना होता. अलीकडे दिनानाथांचा हात थरथरायचा, म्हणून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी ठमाबाईच करत. दिनानाथ दुपारी कॉम्प्युटरपुढे बसून जुन्या मूर्तींचे फोटो बघत. तेवढाच त्यांचा विरंगुळा. आता तोही बंद होता.

"काका, चुकलंच माझं," वैशाली आल्या आल्या म्हणाली.

"अगो, आधी पाणी पी," दिनानाथ म्हणाले.

तिने विंडोज सुरूच होऊ दिली नाही. विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर नुसतं आतलं तापमान बघत बसली. आकडा भराभर चढला आणि कॉम्प्युटर विझला. म्हणजे विंडोजचा दोषच नव्हता, कॉम्प्युटरचा डबा आतून तापत होता. दुकानात तिने झाकण काढून तो पंख्याखाली ठेवला होता, म्हणून तिथे कळलं नव्हतं.

तिने आतला छोटा फॅन सोडवला. खाली मूर्ती घासल्याची पांढरी भुकटी थापून बसली होती, वारा जायला जागाच नव्हती.

"अगो बाई, हा पण आमच्यासारखाच माखलाय!" ठमाबाईंनी कपाळावर हात मारला.

वैशालीने अंगणात बसून सगळं ब्रशने साफ केलं, फॅनखालची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली होती ती पुसून नवी लावली. आता तापमानाचा आकडा जागेवर राहिला. पण पुन्हापुन्हा मध्येच बंद पडून विंडोज पुरती बिघडली होती. तिने हार्ड डिस्क काढून फोटो आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतले आणि विंडोज पुन्हा टाकायला घेतली. रोह्याच्या गिऱ्हाइकाला "उद्या येते" म्हणून कळवलं.

विंडोज किती टक्के भरली, तो पडद्यावरचा आकडा पुढे सरकत होता. दोघं नवराबायको खुर्च्या ओढून जवळ येऊन बसली, जणू कुणाचं ऑपरेशन चाललंय.

"मधेच जाणार नाय ना?" दिनानाथांनी हळूच विचारलं.

"नाही जायचा, काका."

नाही गेला. फोटो परत भरल्यावर पहिलाच उघडला तो एका बैठ्या गणपतीचा. दिनानाथ पुढे वाकले.

"बघ, ही आखणी माझी. नजर कशी शांत हाय!"

"तुमची? त्या साली तुम्ही तापाने झोपून व्हतात. माझी हाय ती!"

"तुझी रेघ अशी नसते गो."

"मग कशी असते? सांगा ना!"

वैशालीने डबा भुकटीपासून दूर, खिडकीजवळच्या उंच फळीवर नेऊन ठेवला, वायरी नीट लावल्या, पिशवी आवरली. "येते मी," ती दोनदा म्हणाली. दोघांपैकी एकालाही ऐकू गेलं नाही. दुसऱ्या गणपतीवरून वाद सुरू झाला होता.