ज्या घरट्यात जागा होती

अबुझेर रस्त्यानं चालताना समोर पाहत नाही, वर पाहतो. त्यामुळे बाजारातल्या निम्म्या हातगाड्यांना तो धडकून झाला आहे, आणि एकदा माझ्या चहाच्या ताटालाही. बारा पेले फुटले, तर हा म्हणतो, "रशित, जरा हळू, वर पक्षीण अंड्यांवर बसलीय." असा माणूस. माझा चुलतभाऊ, आणि माझ्या बहिणीचा, झलिहाचा, नवरा. आमच्याकडे मुलगी शक्यतो चुलत्याच्याच घरात देतात. घरातली घरात राहते, परक्या सासूची बोलणी खावी लागत नाहीत. मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

फरात नदीच्या काठी, आमच्या गावाच्या डोक्यावर जो कडा आहे, त्यावर केलायनाक पक्षी घरटी करतात. काळं अंग, लाल टक्कल, लांब वाकडी चोच. याला देखणा म्हणायला त्याची आईच हवी, नाहीतर अबुझेर. एकेकाळी हे पक्षी थव्यानं दक्षिणेला जायचे आणि वसंतात परत यायचे. पुढे गेलेले परत येईनात. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी त्यांना जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात घेतात आणि फेब्रुवारीत पुन्हा कड्यावर सोडतात. एकतीस वर्षं सरकारी पक्षी-केंद्रात हे काम अबुझेर करतो. झलिहाही तिथंच कामाला. पक्ष्यांसाठी अंडी उकडते, गाजरं किसते, खिम्यात कालवते. नवरा-बायको दोघांच्या अंगाला तोच वास.

अबुझेरची एक हिरव्या पुठ्ठ्याची वही आहे. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की तो दोर कमरेला बांधून कड्यावर उतरतो, पिल्लाच्या पायात नंबराची कडी घालतो आणि वहीत लिहितो: अमुक कडी, अमुक घरटं. कोण कुणाचं पोर, हे त्या वहीवरून कळायचं. अंकाराहून आलेले साहेबसुद्धा ती वही दोन्ही हातांनी उचलायचे.

दोन वर्षांपूर्वी ठरलं की दहा जोड्या दक्षिणेकडच्या एका दुसऱ्या कड्यावर न्यायच्या. सगळे पक्षी एकाच गावात. उद्या एखादी साथ आली तर सगळंच संपायचं. जोड्या वहीवरून निवडल्या. त्यात नाझली आणि तोपाल ही जोडी अबुझेरनं हट्टानं घातली. तोपाल म्हणजे लंगडा. खरंच एका पायानं लंगडायचा. सहा वर्षं दोघं एकत्र होते. दर वर्षी अंडी घालायची, त्यातली बहुतेक नासायची. एखादं पिल्लू निघालंच तर मान टाकायचं. अबुझेरनं खाणं बदललं, घरट्यावर सावली केली, शेवटी नजर लागू नये म्हणून निळा मणीही टांगला. "हवापालट झाला की उबतील बघ," तो मला म्हणायचा.

जोड्या नेण्याआधी नेसरीन नावाच्या डॉक्टरबाई आल्या. प्रत्येक पक्ष्याच्या पंखातून थेंबभर रक्त घेऊन गेल्या आणि जानेवारीत परत आल्या, त्या कागदांचा गठ्ठा घेऊन. केंद्राच्या अंगणात उन्हाला सगळे बसले होते. मी चहा घेऊन गेलो होतो. झलिहा कोपऱ्यात गाजरं किसत होती.

"दहापैकी तीन जोड्या सख्ख्या भावाबहिणींच्या आहेत," बाई म्हणाल्या. "नाझली-तोपालसुद्धा. वही आणि रक्त जुळत नाही."

केंद्राचे साहेब हसले. "बाई, वही चुकणार नाही. तुमच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असेल."

"झालेली नाही. मी स्वतः भरल्यात."

"मग परत भरा. वेळ असेल तेव्हा. यादी परवा जातेय, ती वहीप्रमाणेच जाईल."

मला गप्प बसवतं का कधी? मी म्हटलं, "बाई, पक्ष्यांना कड्या घातल्या तशा बाटल्यांनाही घालायच्या होत्या की!" सगळे खो खो हसले. बाईंचे कान लाल झाले. अबुझेर हसला नाही. तो जाळीकडे बघत होता.

बाई कागद आवरू लागल्या. तेवढ्यात झलिहा म्हणाली, "डॉक्टरबाई, एक विचारू? एका रक्ताची असली की अंडी का नासतात?"

बाईंना काय माहीत समोर कोण आहे. त्यांनी साधेपणानं सांगितलं. प्रत्येकाच्या रक्तात एखादी खोट लपलेली असते. एकट्याची असली तर ती त्रास देत नाही. पण दोघांना ती एकाच आईबापाकडून किंवा आज्याकडून आलेली असली, तर पोराच्या वाट्याला दोन्हीकडून येऊ शकते. मग ते पोर तगत नाही.

"फक्त सख्ख्यांचं असं होतं?"

"सख्ख्यांत जास्त. चुलत असले तरी होऊ शकतं. होतंच असं नाही."

किसणीचा आवाज थांबला. गावाबाहेरच्या टेकडीवर झलिहाच्या पोरांच्या तीन लहान कबरी आहेत, दोन मुलगे आणि एक मुलगी. एकाचाही पहिला वाढदिवस झाला नाही. अंतेप शहरातल्या डॉक्टरांनी तेव्हा नशीब म्हणून सांगितलं होतं, आणि आम्हीही नशीबच म्हटलं होतं.

"अबुझेर," झलिहा म्हणाली, "सांग त्यांना."

तो उठला. टोपी काढून हातात घेतली, जसा शाळेत मार खायच्या आधी घ्यायचा.

"तोपाल बाविसाव्या घरट्यातला नाही. चौदातून पडला होता, पाय तेव्हाच मोडला. बाविसात एकच पिल्लू होतं. जागा होती. मी तिथं ठेवला."

"आणि नाझली?" बाईंनी विचारलं.

"चौदातलीच. पुढच्या सालची."

साहेबांचा आवाज चढला. "आणि वहीत?"

"कडी घातली तेव्हा तो बाविसात बसला होता, साहेब. दिसलं ते लिहिलं. ज्यांनी भरवलं तेच आईबाप, असं मला वाटलं."

"अशी किती?"

"सव्वीस."

"एकतीस वर्षं पाण्यात घातलीस की रे! पडलेलं पिल्लू वेगळं नोंदवायचं, हा नियम तुला माहीत नव्हता?"

"होता." मग हळूच म्हणाला, "आमची लेक गेली त्या वसंतापासून मला ते जमेना. खाली पिल्लू मरतंय आणि वर एका घरट्यात जागा आहे..."

सव्वीसच्या सव्वीस त्याला तोंडपाठ होती: कुठून पडलं, कुठे ठेवलं, कुठलं साल. संध्याकाळपर्यंत तो सांगत होता आणि बाई आपल्या कागदांशी ताडून पाहत होत्या. एकही चुकलं नाही. यादी रक्तावरून नव्यानं झाली. हिरवी वही साहेबांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी डॉक्टरबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, चहा चांगला होता.

गावाला चघळायला विषय मिळाला. माझ्याच दुकानात एकजण म्हणाला, "काय अबुझेर, आज कुणाचं पोर कुणाच्या घरात?" त्याला मी पेल्यासकट बाहेर काढला. पण अशा किती जणांना काढणार?

नाझलीला तिकडे न्यायचं ठरलं, दुसऱ्या नराबरोबर. तिला अबुझेरनंच पकडलं, दुसऱ्या कुणाच्या हाताला लागली नसती. डोक्यावर फडकं टाकलं, खोक्यात ठेवलं, झाकण लावलं आणि बराच वेळ झाकणावरचा हात काढेना. तोपाल कित्येक दिवस जाळीच्या कडेनं लंगडत इकडून तिकडे जायचा. झलिहा त्याच्यापुढे गाजर टाकायची. तो बघायचा नाही. अंगणातल्या त्या दिवसापासून ती घरीही कामापुरतंच बोलायची. मला वाटे, तिनं रडावं, अबुझेरला चार शिव्या द्याव्यात. तसलं काही तिनं केलं नाही.

परवाच्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. झलिहा ओट्यावर बसून द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत होती. अबुझेर फाटकातून आत आला. चक्क समोर बघत आला.

"बाईंचा फोन होता. नाझलीची पिल्लं निघाली."

"किती अंडी होती?"

"तीन."

"आणि पिल्लं?"

"तीन. तिन्ही खातायत."

झलिहाचा हात थांबला, पुन्हा चालू झाला. अबुझेर तिच्या शेजारी पायरीवर बसला. आता खूश होईल, असं मला वाटलं. पण त्याचा चेहरा भलताच झाला होता. सव्वा वर्ष घशात अडकलेलं त्यानं माझ्यादेखत विचारलं.

"झलिहा, आपलं रक्त तेव्हा कुणी बघितलं असतं, तर?"

तिनं मान वर केली नाही. "तर मी तुला नाही म्हटलं असतं."

लहानपणापासून एका अंगणात वाढलेली ही दोघं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. अबुझेरनं नुसती मान हलवली. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलंसुद्धा नाही.

झलिहानं पानांची परात दोघांच्या मध्ये सरकवली. "हात धुऊन ये," ती म्हणाली. "इतकी पानं माझ्या एकटीनं होणार नाहीत."