परिणयची वेलांटी

मी पोटासाठी अक्षरं काढतो. अंधेरीच्या ऑफिसात बसून संगणकावर फॉन्ट तयार करतो. त्यांतला एकच लोकांच्या नजरेत भरला. जाडजूड, सगळा कोनांचा, गोलाईचं नाव नाही. कबड्डीच्या जर्सीवर तो आहे, व्यायामशाळांच्या पाट्यांवर आहे, दहीहंडीच्या बॅनरवर तर असतोच. बारीक आकारात तो वाचवत नाही आणि पानभर वापरला तर डोकं उठतं. पण लांबून, चारच शब्दांत, छाती काढून उभा राहतो. त्याचं श्रेय मला मिळालं. अक्षरं मात्र माझ्या ताईची.

ताई लग्नाआधी, घाटकोपरच्या आमच्या चाळीत, लग्नाच्या स्टेजसाठी थर्माकोलची अक्षरं कापायची. आमच्या बौद्ध घरांत ‘मंगल परिणय’, इतरांकडे ‘शुभविवाह’ आणि खाली नवरानवरीची नावं. हातात अर्धं ब्लेड, खाली पट्टी आणि एका दमात ओढलेली रेघ. ब्लेड वळवलं की दाणे सुटायचे आणि कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसायची, म्हणून सगळं सरळ आणि कोनात. ‘व’च्या पोटातून निघालेला तुकडा ती फेकत नसे, त्याचीच कुठेतरी मात्रा व्हायची. त्यामुळे अक्षराचं पोट आणि डोक्यावरची मात्रा यांचे कोन जुळायचे. थर्माकोलचे दाणे आमच्या आमटीतसुद्धा सापडत. आई म्हणायची, मीठ कमी पडलं तरी चालेल, पण हे नको.

पुढे या फॉन्टसाठी मी नातेवाइकांचे लग्नाचे अल्बम मागून आणले. अक्षरं कधीच मोडीत गेली होती, उरली होती ती फोटोंत. तिथेही वऱ्हाड रांगेने उभं, त्यामुळे अक्षरांचं अंग डोक्यांमागे दडलेलं आणि वर फक्त मात्रा आणि वेलांट्या. त्यांच्या कोनांवरून मी खालची अक्षरं बांधत गेलो. वर्ष त्यातच गेलं. ताईला पत्ता लागू दिला नाही. तिला एकदम दाखवायचं होतं.

ताई आता दिंडोशीला राहते. तिच्या घराजवळ हायवेवर एका मालिकेचं होर्डिंग लागलं, त्यावर माझ्या फॉन्टमधली पुरुषभर उंचीची अक्षरं. मी तिला हट्टाने तिथे नेलं, ही तुझीच अक्षरं म्हणून सांगितलं आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. ती बराच वेळ वर बघत होती.

“मला गोल जमत नव्हतं रे,” ती म्हणाली. “म्हणून ती तशी होती. आणि तू तेच एवढं मोठं करून टांगलंस?”

मी भाषण दिलं. थर्माकोलचा स्वभाव, रेघेतला जोर, हल्ली अशा अक्षरांना असलेली मागणी, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की लोकांना मोत्यासारखी अक्षरं हवी असायची, तिच्याकडे फक्त स्वस्त पडतं म्हणून यायचे. एका नवरीच्या मामाने तर भर मांडवात विचारलं होतं, ही कोयत्याने तोडलीत का. ती घरी कोणी नसताना गोल अक्षरं कापून बघायची आणि आम्ही यायच्या आत फेकून द्यायची. मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर रागही आला. जिच्यासाठी एवढं केलं, तिलाच ते नको होतं.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा स्टेजवर आपलाच फॉन्ट, हे मी मनात पक्कं धरून चाललो होतो. ताईने आधीच सांगून टाकलं.

“माझ्या पोरीच्या लग्नात गोल अक्षरं. बाकी काय करायचं ते तू कर.”

भाचीला कुठलीही चालणार होती.

लग्न मालाडच्या हॉलमध्ये होतं. डेकोरेटरने फोमची मशीनवर कापलेली अक्षरं आणली, वेलीसारखी वळणदार. गठ्ठा उघडला तर ‘परिणय’ची वेलांटी टेम्पोत मोडलेली. बारीक आणि लांब, ती मोडायचीच. डेकोरेटर म्हणाला, टेप मारतो, कोण बघतंय. पाहुणे यायला लागले होते.

ताईने नव्या साडीचा पदर खोचला. स्टेजमागे पडलेला फोमचा एक उरलेला तुकडा उचलला आणि ब्लेड मागितलं. पट्टी मागितली नाही. एक रेघ वर, एक तिरपी, एक खाली. कापलेली वेलांटी तिने स्वतः चिकटवली. गोल अक्षरांच्या ओळीत ती एकटीच कोनांची. डेकोरेटर म्हणाला, दुपारपर्यंत दुकानातून दुसरी मागवतो, बदलून टाकू.

ताई स्टेजवरून उतरली, थेट शेवटच्या खुर्च्यांपर्यंत मागे गेली आणि तिथून बघत राहिली. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

“बदलायची?” मी विचारलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “लांबून बरी दिसते.”

महिन्याभराने अल्बम आला. वऱ्हाड नेहमीसारखं रांगेने उभं आहे आणि गोल अक्षरं सगळी डोक्यांमागे गेली आहेत. वर दिसते ती फक्त वेलांटी. कोणी घरी आलं की ताई अल्बम काढते आणि नवरानवरीच्या आधी तिच्यावर बोट ठेवून सांगते, “ही मी कापलीय.”