हिरवं बटण

माझी मूठ उघडत नव्हती. मंचरच्या एका मंडळाचा कार्यक्रम होता, अपंग मुलांना खेळणी वाटायचा. अध्यक्षबाई माझी बोटं एकेक करून सोडवत होत्या आणि ती पुन्हा वळत होती. फोटोवाला थांबला होता. “हात उघड ना बाळ, लाजतेस कशाला?” त्या म्हणाल्या.

लाजत नव्हते. जन्मापासून माझे हात माझं ऐकत नाहीत. पाय तर त्याहून नाहीत. नऊ वर्षांची घोडी मी, आणि आईच्या कडेवर बसून स्टेजवर गेले होते.

शेवटी त्यांनी ते खेळणं माझ्या मांडीवर ठेवलं. ढोल वाजवणारं माकड. पाठीवर तांदळाएवढी खटकी. ती बाईंनीच सरकवली. “तू बघ हां,” म्हणाल्या. माकड वाजवायला लागलं. खुर्चीवरचे पाहुणे म्हणाले, “माकडाचे हात हिच्यापेक्षा बरे चालतात की!”

हॉल हसला. आईसुद्धा हसली. तिचं ते हसणं मला आजही सलतं, कारण हसल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पाहुण्यांना नमस्कार केला.

फोटो निघाला. आम्ही डिंभ्याच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसलो.

घरी माकड पुन्हा वेष्टनात घालून फळीवर गेलं. पाहुणे आले की आई ते काढायची, चुलतभाऊ खटकी सरकवायचे आणि मला म्हणायचे, “तू बघ.” शाळेतही तेच. मधल्या सुट्टीत पोरं मैदानात पळायची, मी वर्गाच्या दाराशी पोत्यावर. गुरुजी जाता जाता म्हणायचे, बघ हां खेळ. माझ्या वाटणीला बघणं आलं होतं. मी फार एकटी होते. इतकी, की पोरांचा चेंडू चुकून माझ्याकडे आला तरी बरं वाटायचं, आणि तो न्यायला आलेला पोरगा माझ्याकडे न बघता जायचा.

एकदा आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला सायकलवरून नदीवर नेलं. तिथली आमची पाण्याची मोटार हवा धरत होती, पाणी ओढत नव्हती. पंपात पाणी ओतता ओतताच ती चालू करावी लागते, त्याला दोन माणसं लागतात. त्या दिवशी दुसरं माणूस नव्हतं. आप्पांनी मला स्टार्टरच्या खांबाला टेकवून बसवलं आणि खाली जाऊन ओरडले, “पोरी, हिरवं दाब! कोपरानं दाब!”

कोपर दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा बटण आत गेलं. मोटार घुमली. पाईप थरथरला आणि वर वावरात पाणी पडल्याचा आवाज आला. मी दाबलं म्हणून पडलं. मी रडायलाच लागले. आप्पा घाबरून वर आले, त्यांना वाटलं करंट बसला.

“आप्पा, माकडाला असं बटण पायजे,” मी म्हणाले.

त्यांना पटायला आठवडा गेला. मग ते माकड घेऊन मंचरला मोटार वायंडिंगच्या दुकानात गेले. तिथल्या मामांनी एका जळक्या स्टार्टरचं हिरवं बटण काढलं, लाकडी फळकुटावर बसवलं, दोन वायरी माकडाच्या सेलला जोडल्या. कोपर ठेवलं की ढोल. उचललं की गप्प. वाजवणं माझं, गप्प करणंही माझं.

पुढच्या वर्षी मंडळाचं बोलावणं आलं. मी हट्टानं माकड बरोबर नेलं. अध्यक्षबाईंनी फळकुट बघितलं आणि पाहुण्यांना म्हणाल्या, “आपल्याच खेळण्याची केवढी प्रगती!” आणि स्वतःच बटण दाबलं. ढोल वाजला. “बघ, बघ,” त्या मला म्हणाल्या. फोटोवाला पुढे सरकला.

“हात काढा,” मी म्हणाले. माझं बोलणं जड आहे, पण हे स्वच्छ निघालं.

त्यांनी हात काढला. “बरं, तू वाजव. पाहुणे थांबलेत.”

मी कोपर वर धरलं. खांद्याला कळ लागली तरी वरच धरलं.

“वाजव की गं,” आई कुजबुजली. “एवढं दिलंय त्यांनी.”

“हे खेळायला हाय. दाखवायला न्हाई.”

“उचला हिला,” अध्यक्षबाई म्हणाल्या. आईनं उचललं. स्टँडवर आई माझ्याकडे पाठ करून बसली. पुढे कुठल्याच वाटपाच्या यादीत माझं नाव आलं नाही, आणि आई कितीतरी दिवस मला नुसतं जेवू घालत राहिली, बोलली नाही.

आता मी जुन्नरच्या बाजारात एका रिपेअरिंगच्या दुकानात बसते. माझ्यासारख्या मुलांच्या खेळण्यांना आम्ही बटणं लावून देतो. वायरी दुकानदार जोडतो. बटण कुठं बसवायचं, हे मूल बघून मी सांगते. कुणाला हनुवटीखाली, कुणाला टाचेशी. आईबाप हौसेनं हात पुढे करतात, बघ बाळा, असं करायचं. मी ओरडते. हात मागे घ्या. मला तुसडी म्हणतात, म्हणू देत. परवा एका मंडळाला वाटायला अशी दहा खेळणी हवी होती. मी विचारलं, पहिलं बटण कोण दाबणार? म्हणाले, साहेब.

दिली नाहीत. देणारही नाही.