आमच्या बागेचा सत्कार

दोष बिराजदार सरांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे "थोरामोठ्यांबद्दल असं बोलू नये" म्हणून कुणी मला शिकवायला यायला नको. सर माझ्याच शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि विजापूर रोडच्या आतल्या एका बागेत कॉन्ट्रॅक्टवर माळी म्हणून लागलो, तर पहिल्याच दिवशी गेटवर हेच उभे. मागं अख्खं मंडळ. मंडळ म्हणजे रोज सकाळी फिरायला येणारे बारा-पंधरा म्हातारे, अध्यक्ष सर. बागेतला पाचोळा आणि मंडळाचे किस्से, दोन्हींची जात एकच. सकाळी झाडून काढा, दुपारपर्यंत पुन्हा ढीग.

पण बाग बघण्यासारखी होती, राव. मे महिन्यात सोलापुरात डांबर चपलेला चिकटून येतं, तिथं मी चाळीस गुलाब जगवले. त्यात शहरातल्या बघण्यासारख्या बागांची यादी निघणार, जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा संपली की कमिटी बागा बघत फिरणार, असं कळलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "यादीत नाव आलं तर तुला कायम ठेवतो, बाग तुझ्याच ताब्यात. नाही आलं तर एक तारखेपासून दुसरीकडं बघ."

म्हणजे माझं सगळं त्या गुलाबांवर. आणि गुलाब कुणाच्या तावडीत? ऐका.

*

शांताकाकू वळसंगच्या, लेकाकडं राहायला आलेल्या. रोज सहाला हजर, हातात कॅरीबॅग. 'फुले तोडू नयेत' असा बोर्ड मी स्वतः रंगवून जास्वंदीशेजारी ठोकलेला. काकू कॅरीबॅग त्याच बोर्डाला अडकवायच्या आणि दोन्ही हातांनी फुलं तोडायच्या.

"काकू, बोर्ड वाचला का?"

"वाचला की. अक्षर ब्येस हाय तुजं."

"मग?"

"मग काय? ही देवाची हायत. तू कशाला मदी पडतो?"

दुसऱ्या दिवशी मी बोर्डच काढून ठेवला. काकू सरळ माझ्या खोपीवर आल्या. "बोर्ड कुटं गेला रं? त्याचा खिळा लई कामाचा हुता."

*

गाजूल काकांनी चाळीस वर्षं यंत्रमागावर चादरी काढल्या. आता नजर माझ्या लॉनवर. हात मागं बांधून कडेकडेनं चालणार, मध्येच वाकून गवत चिमटीत धरणार. "हितं दाट, तितं विरळ. बॉर्डर वाकडी. सेकंड माल आहे हा."

लॉनला सेकंड माल म्हणणारा माणूस जगात दुसरा नसेल. माझं डोकंच फिरलं. दोन दिवस दोरी लावून कडा कापल्या, विरळ जागी गवत लावलं, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना हाताला धरून आणलं. "बघा."

काकांनी चारही कडा चालून बघितल्या. चपला काढल्या. लॉनच्या मधोमध आडवे झाले आणि तोंडावर टोपी ओढली.

"आता चादर झाली," म्हणाले, आणि नऊ वाजेपर्यंत घोरत पडले.

*

सरांचा मुलगा पुण्यात. त्यानं वडिलांना नवा फोन दिला, त्यात रोजची पावलं मोजली जातात आणि पुण्यात बसून त्याला दिसतात. सरांचा नियम, बागेत आलं की पहिला बाक पकडायचा आणि निघेपर्यंत सोडायचा नाही. पहिल्या आठवड्यात मुलाच्या भरपूर शिव्या खाल्ल्या. मग एक दिवस मला हाक मारली.

"तू दिवसभर हिंडतोसच. खिशात ठेव हा. संध्याकाळी दे."

मी ठेवला. चौथ्या दिवशी फोन वाजला, तर मुलगाच. "बाबा, काल सोळा हजार? अहो, जरा दमानं घ्या."

"सांगतो त्यांना," मी म्हणालो. "बसलेच आहेत."

*

मंडळाला एक रोग आहे. सत्कार. कुणाचा गुडघा बदलला, सत्कार. कुणाच्या नातवाला व्हिसा मिळाला, सत्कार. सरांच्या पिशवीत शाल आणि नारळ कायम तयार, लग्नाच्या हॉलवाल्याकडं असतो तसा. हार नसला की काकू आहेतच.

भर एप्रिलमध्ये बोअरचा पंप जळला. कॉन्ट्रॅक्टरच्या हातापाया पडून मी मोहोळहून मेकॅनिक आणला. तो स्कूटरवरून उतरतो न उतरतो तोच सर पुढं. "बर्री बर्री, या!" खुर्ची दिली. शाल घातली. 'पाणी हेच जीवन' ह्या विषयावर सर पाऊण तास बोलले, शाळेत बोलायचे तसंच, एक हात टेबलावर. इथं टेबल नव्हतं, तर हात माझ्या खांद्यावर.

भाषण संपलं. मेकॅनिकनं सगळ्यांना नमस्कार केला, नारळ डिकीत टाकला आणि स्कूटर चालू केली.

मी मागं पळालो. "पंप?"

"एवढा सत्कार झाल्यावर बरं दिसतंय का?" म्हणाला. "उद्या येतो."

आला पाच दिवसांनी.

*

ते पाच दिवस मात्र सांगायला पाहिजेत. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, घरोघरी बादल्या राखून ठेवतात. गुलाब माना टाकायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळ आलं ते रांगेनं. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन बाटल्या. गाजूल काका सायकलला कॅन बांधून. काकूंनी कळशी आणलेली, कमरेवर, वळसंगच्या विहिरीवरून यावं तशी.

सर बाटली ओतता ओतता म्हणाले, "दुसऱ्या वर्षाला पळाला नसतास तर पंप तरी उघडता आला असता."

"तुम्ही शिकवलेलं गणित घेऊनच गेलो होतो सर. म्हणून तर पळालो."

सरांनी हातातली बाटली शेवटच्या थेंबापर्यंत झटकली. मग म्हणाले, "ह्या झाडाला कमी पडलंय. ती बाटली दे."

चाळीसच्या चाळीस जगले.

*

आणि जानेवारीत असे फुलले की रस्त्यावरचे लोक गाड्या थांबवून कंपाउंडवरून बघायचे. लाल, पिवळे, एक तर जवळजवळ नारिंगी. कमिटी येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी एकेक झाड धुतलं. म्हटलं, झालं. आता कोण हलवतंय मला इथनं. रात्री घरी गेलो, सकाळी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आठला परत आलो.

मंडळ लॉनवर सतरंजी टाकून बसलेलं. सगळ्यांच्या हातात सुई-दोरा. मध्ये ढीग. माझ्या कमरेएवढा.

"आला का?" काकू म्हणाल्या. "पहाटंपासनं बसलोय. यवड्या हाराला गाठ मार."

मी झाडांकडं बघितलं. चाळीस झाडं, नुसती पानं आणि काटे.

तेवढ्यात गेटवर गाडी थांबली. कमिटीत दोन साहेब आणि एक मॅडम. गेटला गुलाबांचं तोरण. खाली पाकळ्यांचं 'सुस्वागतम'. सरांनी प्रत्येकाला तीन-तीन हार घातले, गुडघ्यापर्यंत येणारे. गाजूल काका एकेका हाराची वीण तपासून पुढं देत होते. भाषण झालं. मॅडमचे हारांतून नुसते डोळे दिसत होते. त्यांनी कसाबसा कागद वर काढला.

"फुलं सुंदर आहेत," म्हणाल्या. "आता बाग बघू या?"

"सगळी आमच्या बागेतलीच," सर म्हणाले. छाती एवढी पुढं आलेली मी शाळेतही कधी बघितली नव्हती. मग त्यांनी मला हाताला धरून पुढं ओढलं. "आणि हा आमचा माळी. माझा विद्यार्थी."

शेवटचा हार माझ्या गळ्यात पडला. जवळजवळ नारिंगी गुलाबाचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाग यादीत आली नाही. एक तारखेला माझं काम गेलं.