गायधनी बाईंची कॉम्प्युटर रूम

गायधनी बाई फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणत नसत. "बोला, कोण बोलतंय आणि काम काय आहे?" असं एका दमात विचारत, आणि दोन्हीची उत्तरं मिळेपर्यंत समोरच्याला एक अक्षर सांगत नसत. एकदा खुद्द आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनाच त्यांनी असं ताटकळवलं. अध्यक्ष तापले. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आवाज मी ओळखला होता. पण दुसऱ्याचा आवाज काढणारेही पुष्कळ असतात."

सातपूरच्या एका कारखान्यात त्या अठरा वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. तिथे आपोआप लाइन जोडणारं यंत्र आलं, बाईंची खुर्ची गेली, आणि त्या गंगापूर रोडवरच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर रूम सांभाळायला आल्या. ते साल दोन हजारच्या आसपासचं. मी तिथे कॉम्प्युटरचा मास्तर. वय सव्वीस, डिप्लोमा ताजा आणि डोक्यात हवा. जिला माउससुद्धा धड धरता येत नाही अशी बाई माझ्या खोलीत आणून बसवली म्हणून मी दोन दिवस फुगून होतो.

तिसऱ्या दिवशी येऊन बघतो तर दहाच्या दहा मॉनिटर फिरवलेले! मुलांची तोंडं भिंतीकडे आणि पडदे सगळे दाराकडे, जिथे बाईंची खुर्ची होती. "बाई, वायरी ओढल्या गेल्या ना!" मी ओरडलोच.

"वायरी लांब आणता येतील, सर," बाई म्हणाल्या. "पोरं काय बघतात ते मला इथून दिसलं पाहिजे. आणि तुम्ही काय बघता तेही."

मी निमूटपणे माझाही मॉनिटर फिरवून घेतला.

आणि मग शाळेत इंटरनेट आलं! काय दिवस होते ते! मोडेम किरकिरत एकदाचा जोडला गेला की अख्खा वर्ग टाळ्या पिटायचा, मी सगळ्यांत जोरात. बाईही हसून टाळ्या वाजवत आणि लगेच म्हणत, "लागली लाइन! आता पलीकडे कोण आहे ते आधी विचारा." त्यांनी मुलांना कारखान्यातला धडाच शिकवला होता. "साहेब नसले तर 'जागेवर नाहीत' एवढंच सांगायचं. 'मुंबईला गेलेत, परवा येतील' असं नाही सांगायचं. कळला फरक?" सातपूरच्या कामगारांच्या मुलांना तो फरक चटकन कळायचा. 'बाबा सेकंड शिफ्टला आहेत, मी घरी एकटाच' असं चॅटवर टाइप करणाऱ्याचा हात बाई वरच्यावर धरत. मला हे सगळं जुनाट वाटायचं. सगळं जग दारात येऊन उभं आहे आणि ह्या बाई कडी लावून बसल्यात!

त्याच जोशात मी शाळेची वेबसाइट केली. आमची स्मरणिका दरवर्षी निघायची. गुणवंतांचे फोटो, पूर्ण नाव, गाव आणि वडिलांचा फोन नंबर तिच्यात छापायची आमची पद्धत होती, अभिनंदनाचे फोन यावेत म्हणून. मी ते पान जसंच्या तसं वेबसाइटवर चढवलं. तेवीस मुलं, तेवीस फोटो! मुख्याध्यापकांनी पेढे वाटले. बाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या. शुक्रवारी परत आल्यावर त्यांनी ते पान बघितलं.

"हे कुठून कुठून दिसतं?"

"अमेरिकेतूनसुद्धा!" मी छाती फुगवून म्हणालो.

"मग आजच्या आज काढा."

मुख्याध्यापकांना विचारून सोमवारी बघू, असं म्हणून मी टाळलं.

सोमवारी योगिता काकड शाळेत आली नाही. मखमलाबादच्या फुलशेतकऱ्याची ही नववीतली मुलगी, गणिताच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिली. दुपारी तिचाच फोन आला. बाई ऐकत होत्या आणि एकेक वाक्य मोठ्याने उच्चारून मला ऐकवत होत्या. शनिवारी काकडांच्या घरी कुणा माणसाने फोन केला होता. योगिताला शिष्यवृत्ती लागलीय, तिचा फोटो आम्ही पाहिलाय, तिला एकटीला कागद घेऊन स्टँडवर पाठवा, साहेब न्यायला येतील. वडील हरखून गेले, पोरीला नवा ड्रेस काढायला सांगितला. पण योगिताने फोन स्वतःच्या हातात घेतला. "आपण कोण बोलताय? कुठल्या ऑफिसातून? नंबर द्या, आमच्या बाई तुम्हाला फोन करतील." पलीकडच्याने फोन आपटला. मग वडील असे घाबरले, की त्यांनी तिची शाळाच बंद केली.

बाई उठल्या. "पान आत्ता काढा. मग स्कूटर काढा."

वाटेत पोलीस चौकीत तक्रार दिली आणि मळ्यात पोचलो. काकड शेवंतीच्या ढिगापाशी बसले होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "पोर आता येनार नाय. लय शिकली."

मी सुरू झालो. "भाऊ, इंटरनेटवर कसं असतं..."

"सर," बाईंनी मला तिथेच तोडलं. "आधी चूक कबूल करा."

"भाऊ, नंबर मी टाकला होता. बाईंनी काढायला सांगितला, तरी काढला नाही. चूक माझी आहे."

काकडांनी आता माझ्याकडे पाहिलं. "तुमी मास्तर ना?" एवढंच म्हणाले. मला तो प्रश्न आजही बोचतो.

"चूक शाळेची," बाई म्हणाल्या, "मग शिक्षा पोरीला का, भाऊ? तिने तर तुम्हा-आम्हा सगळ्यांपेक्षा शहाणपण दाखवलं. अशी पोर घरी बसवायची?"

काकड हातातलं फूल चुरत राहिले. शेवटी म्हणाले, "खरं हाय. म्या तर धाडायलाच निघालो व्हतो. उद्या मीच आनून सोडतो."

मी आनंदाने उडायचाच बाकी होतो! पण बाई दारात उभ्या असलेल्या योगिताकडे वळल्या. "पान काढलंय. नवीन करताना तुझं नाव ठेवायचं का? तुला विचारतेय, वडिलांना नाही."

योगिता गोंधळली, मग म्हणाली, "नाव राहू द्या. पहिली आलेय मी. फोटो नको, गाव नको, नंबर नको."

परतताना मी स्कूटरवर सुटल्यासारखा बडबडत होतो. मागून बाई म्हणाल्या, "एवढं छान बोलते ती. पान करताना तिच्याशी का नाही बोललास रे?" सर नाही, तुम्ही नाही, चक्क 'रे'.

बाई पुढे निवृत्त झाल्या, काही वर्षांनी गेल्याही. त्यांच्यामुळे मी बदललो तो मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी. उरलेल्या बावीस मुलांना मी एकेकटं बोलावून विचारलं, नव्या पानावर तुझं नाव, फोटो ठेवायचा का? बहुतेकांनी माझ्या तोंडाकडे बघत, मला काय हवंय त्याचा अंदाज घेत, "हो सर" म्हटलं. पाचवीतला एक जण बराच वेळ चपलेने फरशी घासत उभा राहिला.

"सर," तो हळूच म्हणाला, "नाही म्हटलं तर चालतं?"

"चालतं," मी म्हणालो, आणि आधीच्या सगळ्यांना पुन्हा बोलावलं.