खजुरांच्या बेटाचं बारसं

धाकट्या भावाला मुलगा झाला आणि गुरुजींनी पत्रिका पाहून ‘इ’ हे अक्षर काढून दिलं. मला वाटलं, झालं, माझं काम संपलं. आमच्या वारलेल्या वडिलांचं नाव ‘इ’वरूनच होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. चौसाळ्याला, माझ्या सासरी, मी गल्लीभर सांगूनही टाकलं. सांगून टाकायची मला फार घाई.

बारशाच्या आदल्या दिवशी उमापूरला माहेरी पोचले, पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच भाऊ म्हणाला, “अक्का, नाव ठरलंय. इथामार.”

“हे कुठलं?”

“हिब्रू हाय.” मोबाईल पुढं धरून तो समजावू लागला. ‘इ’ म्हणजे बेट नाहीतर किनारा, ‘तामार’ म्हणजे खजुराचं झाड. मिळून खजुरांचं बेट. बायबलात एका मोठ्या पुजाऱ्याच्या धाकट्या मुलाचं हे नाव आहे म्हणे. “लई दुर्मिळ हाय.”

“आपल्याकडं तर हायेच न्हाई,” मी म्हणाले.

ओट्यावरून चुलते बोलले, “खजूर म्हंजे शिंदीच की बे. वढ्याला शिंदीचं बन हाय, लोक प्यायला जातेत तिथं. पोराला त्याचं नाव ठिवतो व्हय?”

भावानं मोबाईल खिशात घातला. माझं डोकं आधीच तापलं होतं. “आबांचं नाव असताना हे बेट कावून?”

उत्तर भावजयीनं दिलं. बाळाला मांडीवर थोपटत ती म्हणाली, “ताई, मामंजींचं नाव ठेवलं तर मी लेकराला हाक काय म्हणून मारू?”

आमच्या घरात सुना वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाहीत. चुलतभावाच्या मुलाला आजोबाचं नाव ठेवलं, तो आता दाढी करतो, तरी त्याच्या आईसाठी तो ‘बाळ्या’च.

“मग ‘इ’वरचं दुसरं ठेवा की आपल्यातलं.”

“एक थोरल्या दिराचं हाय, एक चुलत सासऱ्याचं. म्हणून जिथं माझा एकबी सासरा न्हाई, तिथलं शोधलं.”

वादात हरायला लागले की मी आईला मध्ये ओढते. ती घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसली होती. म्हटलं, “माय, तूच सांग हिला.”

मायनं सुपातून नजर काढली नाही. “मी काय सांगू? तुज्या आबाचं नाव ठिवलं तर मला तरी कुठं घेता येतंय.”

मग सूप बाजूला ठेवून तिनं सुनेला विचारलं, “काय म्हनली? पुन्ना सांग बरं ते नाव.”

दुसऱ्या दिवशी मी वाकून बाळाच्या कानात तेच खजुरांचं नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणं माझ्या पाठीत धपाटे घातले. चुलतीचा धपाटा जरा शिंदीचं नाव ठेवल्याच्या रागाचाच होता. मग दुपारभर घुगऱ्या न्यायला आलेल्या प्रत्येकीला बेट, खजूर आणि पुजारी समजावता समजावता माझा घसा बसला. चौसाळ्याच्या गल्लीत काय सांगायचं, ते वेगळंच.

माय पाळण्याशी बसून मोकळ्या गळ्यानं बाळाला हाक मारत होती. झोपलेलं पोर तिनं दोनदा उठवलं. भावजयीनं दोन्हीदा त्याला पुन्हा निजवलं. मीच वैतागून म्हणाले, “अगं, झोपू दे की त्याला.”

“तू गप,” माय म्हणाली. “तुला हितं समद्यांची नावं घेता येतेत.”