आधी नमुना, मग औषध

दवाखान्यातले कंपाउंडरकाका म्हणजे सढळ हाताचा माणूस. तीस वर्षं औषधं बांधून त्यांना एवढंच पक्कं ठाऊक होतं, की ताप आला की अँटिबायोटिक आणि नाक गळलं तरी अँटिबायोटिक. नव्या डॉक्टर मॅडम आल्या आणि त्यांनी नियमच करून टाकला: आधी तपासणी. बोटातून थेंबभर रक्त घ्या, लघवीचा नमुना घ्या, गरज दिसली तरच गोळी. निम्म्याहून जास्त माणसं गोळीवाचून बरी व्हायला लागली, तरी काकांचं नाक मुरडणं काही थांबेना. "कालची पोर मला शिकवणार!"

एका सकाळी काकूंना थंडी वाजून ताप भरला. लघवीला जळजळ आठवडाभर होती, पण सांगतील तर त्या काकू कसल्या! काकांचा जीव वरखाली झाला. घरात कॅप्सूल होत्याच. सकाळी दोन दिल्या, दुपारी आणखी एक. ताप हटेना, तेव्हा मॅडमकडे नेलं.

"आधी काही औषध घेतलंय?" मॅडमनी विचारलं. अँटिबायोटिक आधीच पोटात गेलं, तर नमुन्यात जंतू वाढतच नाहीत आणि कुठलं औषध लागू पडेल ते कळत नाही, म्हणून हा प्रश्न.

काकूंनी नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहिला. "नाही हो," म्हणाल्या. जन्मात खोटं न बोललेली बाई! आणि काकांनीही खरं न सांगता नमुन्याची बाटली पुढे केली. अहो, एका शब्दाचं तर काम होतं!

मॅडमनी अंदाजाने इंजेक्शनं सुरू केली. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: जंतू नाहीत. मॅडम बुचकळ्यात पडल्या, दुसराच रोग शोधू लागल्या. तेव्हा कुठे काकांनी रडत रडत सगळं सांगितलं. मॅडमनी लगेच औषध बदललं, पण तोवर जंतूंचं विष अंगभर भिनलं होतं.

"ह्यांना रागावू नका," एवढंच काकू मॅडमना म्हणाल्या. पाचव्या दिवशी त्या गेल्या.

काकांनी आता नमुने घ्यायचं टेबल मागून घेतलंय. जोडपं आलं की आधी नवऱ्याला बाहेर बसवतात, दार लोटून घेतात आणि मगच हळूच विचारतात, "काही घेतलंय का, ताई? खरं सांगा. ते कुणी दिलं, ते मी विचारणार नाही."